कथा पाठवायची कुठे, तेवढं एकदा छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत मराठी कथेवर जी चर्चा छापलीत, ती दुकानात बसून दोनदा वाचली. सूर असा होता, की मराठी कथा त्याच त्या ठरलेल्या वाटांनी चालली आहे. एक गावाकडची, एक विनोदी, एक अंगावर काटा आणणारी आणि एक पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमधली. वेगळं कुणी लिहीतच नाही म्हणे.

मी सोलापुरात नवी पेठेत टायपिंग-डीटीपीचं दुकान चालवते. लग्नपत्रिका, सोसायट्यांचे अहवाल, कोर्टाचे कागद यांच्या जोडीला आमच्याकडे कथाही येतात. फुलस्केपवर, डायरीत, कधी कॅलेंडरच्या मागच्या बाजूला लिहिलेल्या. त्यातल्या बऱ्याच अशा असतात की टाइप करून झाल्यावर फाइलला नाव काय द्यावं हेच कळत नाही. त्यामुळे कुणी लिहीत नाही हे मला पटत नाही. लिहिलेलं पुढे कुठे जातं, ते विचारायला हवं होतं.

शहराच्या पूर्व भागातले एक निवृत्त मास्तर आहेत. शाळा सुटल्यावर ते विणकरांच्या एका सोसायटीचे हिशेब लिहायचे. त्यांनी एक कथा आणली, ती सगळी किर्दीच्या, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वहीच्या रूपात. तारीख, नाव, जमा, खर्च, शेरा. अमक्यानं सूत नेलं. अमक्यानं मुलीच्या लग्नासाठी उचल घेतली. उचल वाढत जाते, जमा होणाऱ्या चादरी कमी होत जातात, मधेच बायकोच्या नावावर विड्यांची मजुरी जमा व्हायला लागते. मग एका तारखेला शेऱ्याच्या रकान्यात ‘वसुली थांबवावी’ एवढंच, आणि त्याखाली आडवी रेघ. माणूस गेला, असं कुठेही लिहिलेलं नाही. कॉलम पाडताना मला वाटलं मजकूर सुटला. विचारलं, “मास्तर, इथं काही राहिलंय का?” ते म्हणाले, “नाही ओ ताई, तेवढंच आहे.”

ही कथा त्यांनी पाठवली. एका दिवाळी अंकाकडून फोन आला की हे ललित आहे का कथा आहे? कथा असेल तर थोडे संवाद टाका. दुसऱ्या एकांनी सांगितलं, आमचं पान दोन कॉलमी असतं, त्यात हा तक्ता बसत नाही. (ही अडचण मात्र खरी आहे, मीही तीच सांगितली असती.) शेवटी ती कुठे छापून आली माहीत आहे? एका पतसंस्थेच्या दिवाळी अंकात, ठेवीच्या व्याजदरांच्या जाहिरातीसमोर. त्या अंकाचं काम बघणारा माणूस हिशेबतपासनीस होता. त्याला पहिल्याच पानात कळलं की हा हिशेब जुळणार नाही.

दुसरं उदाहरण माझंच. मीही लिहिते. सोलापुरात मिलच्या भोंग्यावर घड्याळं लावणारी पिढी अजून हयात आहे. जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी, एकेक करून सगळ्या थंडावल्या. माझ्या कथेत एका चाळीत पहाटे बंद मिलचा भोंगा वाजतो. सगळ्यांना ऐकू येतो आणि कुणालाही त्याचं नवल वाटत नाही. एक आजी उठून चूल पेटवते, भाकरी थापते, शेंगा चटणी घालून डबा बांधते. आणि मग चाळीत भांडण लागतं ते या गोष्टीवरून, की डबा घेऊन जायचं कुणी, कारण ज्यांचे डबे होते ते आता राहिलेले नाहीत. एवढीच कथा.

एका संपादकांनी लिहिलं, गिरणी कामगारांचा प्रश्न अधिक ठळकपणे मांडा. दुसऱ्यांनी कळवलं, भोंगा कोण वाजवतो याचा उलगडा शेवटी करा, म्हणजे गूढकथेत घेता येईल. तिसऱ्यांनी फोनवर प्रेमानं सुचवलं, “शेवटी आजीला जाग येते असं करा की.” तिघंही भली माणसं. तिघांनीही कथा वाचली होती, आणि न वाचणाऱ्यांच्या गर्दीत हे थोडं नाही. पण प्रत्येकाच्या हातात एक डबी होती आणि कथा त्या डबीच्या मापाची करून हवी होती.

त्यांना मी फार दोष देत नाही. दोष आपल्या वेळापत्रकात आहे, आणि त्याबद्दल त्या चर्चेत कुणी चकार शब्द काढला नाही. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला, त्याचं कौतुक आपण दर वर्षी करतो आणि करायलाच हवं. पण तेव्हा तो वर्षभर चालणाऱ्या मासिकाचा सणाचा अंक होता. आता बहुतेक ठिकाणी उरला आहे तो फक्त सण. बाकीचे अकरा महिने मासिक नाही, साप्ताहिक नाही, काही नाही. ‘सत्यकथा’ हे मासिक १९८२ साली बंद पडलं. तिच्याबद्दल कुणाला काय बोलायचं ते बोलू दे, १९६९ मध्ये लघुनियतकालिकवाल्यांनी तिची होळीही केली, पण ती महिन्याच्या महिन्याला निघत होती. एका महिन्यात नाही तर पुढच्या महिन्यात. तिचे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकांना पत्रं लिहीत, काय खटकलं ते कळवत. कथा परत आली तरी ती हातात यायची. ‘साभार परत’ची चिठ्ठी मिळाली की माणूस दोन दिवस तोंड पाडून बसायचा आणि तिसऱ्या दिवशी तीच कथा दुसऱ्या पाकिटात घालायचा.

आज काय होतं? मे-जूनमध्ये दिवाळी अंकांचं आवाहन निघतं, निघालं तर. कथा पाठवायची आणि गप्प बसायचं. श्रावण गेला, गणपती बसले, उठले. तीच कथा दुसरीकडे द्यावी तर रीत अशी की एक कथा एका वेळी एकाच अंकाला. समजा दोघांनी घेतली तर तोंड दाखवायला जागा नाही. दसऱ्या-दिवाळीच्या सुमारास अंक बाजारात येतात, तेव्हा विकत घेऊन अनुक्रमणिका पाहायची आणि आपलं नाव नाही हे तिथं समजून घ्यायचं. तोवर बाकीच्या सगळ्या अंकांचे फर्मे छापून झालेले असतात. वर्ष गेलं.

विनोदी कथेचं यात फारसं बिघडत नाही, कारण ती कुठे पाठवायची हे लेखकाला आधीच माहीत असतं आणि पहिल्या-दुसऱ्या दारात तिची सोय लागते. ग्रामीण कथेचंही तसंच. जिला ठरलेलं दार नाही, तिला दहा दारं ठोठवावी लागतात. आणि आपल्याकडे वर्षाला एकच दार ठोठवता येतं. दहाव्या दारापर्यंत पोचायला दहा वर्षं. मास्तर पंचाहत्तरीचे आहेत.

मग लेखक काय करतो? तो शहाणा होतो. आजीला जाग आणतो. किर्दीत संवाद घालतो. पुढच्या वर्षी आपण पुरवणीत चर्चा घेतो की सगळ्या कथा सारख्याच का.

आणखी एक गोष्ट आहे जी सगळ्यांना माहीत असते आणि कुणी छापत नाही. मोठ्या अंकांतल्या कथा बहुतेक मागवलेल्या असतात. संपादक नावं ठरवतात, फोन करतात, तारीख देतात. त्यात गैर काही नाही, अंक विकायचा असतो आणि जाहिरातदाराला मुखपृष्ठावर ओळखीची नावं लागतात. पण मग टपालानं आणि ईमेलनं आलेल्या कथांसाठी किती पानं ठेवली आहेत, ठेवली आहेत का, हे सांगा ना. नसतील ठेवली तर ‘न मागवलेलं साहित्य वाचलं जाणार नाही’ एवढी एक ओळ पुरे. तिचा राग येणार नाही. वाट बघण्याचा येतो.

माझा भाचा पुण्यात आयटीत आहे. त्याला एकदा हे सगळं ऐकवलं तर त्यानं लॅपटॉप उघडून इंग्रजीतली सोय दाखवली. मी तोंडात बोट घातलं. ‘डुओट्रोप’ नावाची एक यादी २००५ पासून आहे, तिला पैसे पडतात. ‘सबमिशन ग्राइंडर’ नावाची दुसरी २०१३ पासून, ती फुकट. कथा किती शब्दांची, कोणत्या धाटणीची, ते भरायचं की ती घेऊ शकणाऱ्या मासिकांची नावं समोर येतात. शब्दाला काय दर देतात तेही येतं. आणि मला सगळ्यात आवडलं ते हे, की लेखक स्वतःच तिथं नोंदवतात, कथा कधी पाठवली, उत्तर कधी आलं, हो आलं की नाही आलं. त्यावरून प्रत्येक मासिक उत्तराला सरासरी किती दिवस लावतं ते दिसतं. संपादकाची अब्रूच टांगली आहे म्हणा ना तिथं. ‘स्ट्रेंज होरायझन्स’सारखी मासिकं तर ‘स्पेक्युलेटिव्ह’ म्हणजे अद्भुत आणि विज्ञानकथा हा शब्द सैल धरून चालतात, मांडणी वेगळी असली तरी त्यांची ना नसते.

तिकडेही सगळं गोड नाही. ‘क्लार्क्सवर्ल्ड’ या मासिकाकडे २०२३च्या फेब्रुवारीत यंत्राकडून लिहून घेतलेल्या कथांचा एवढा लोंढा आला की त्यांनी काही काळ कथा घेणंच थांबवलं. पण थांबवलं ते जाहीर करून. दार बंद आहे हे लेखकाला दारावर लिहिलेलं दिसलं, हाच फरक.

लगेच कुणी म्हणेल, इंग्रजीचा बाजार केवढा, आपला केवढा. खरं आहे. त्यांचा शब्दाला सेंटचा हिशेब, आमच्याकडे बऱ्याच ठिकाणी मानधन म्हणजे अंकाची एक प्रत, तीही कुरिअरनं आली तर. पण मी मागते आहे ती यादी, डॉलर नव्हेत. अशी यादी छापायला पैसे पडत नाहीत.

आणि आपल्याकडे घट्ट लेबलाशिवाय कधी वाचलंच गेलं नाही असंही नाही. ‘हंस’, ‘मोहिनी’ आणि ‘नवल’ ही तिन्ही मासिकं अनंत अंतरकरांनी काढली. मोहिनीत विनोद आणि नवलमध्ये अद्भुत. आता अद्भुत हा केवढा मोठा शब्द! त्यात भूतही बसतं, तारेही बसतात आणि माझ्या चाळीतला भोंगाही एका कोपऱ्यात बसला असता. ‘धनंजय’ या दिवाळी अंकानं रहस्यकथा आणि विज्ञानकथा शेजारी शेजारी नांदवल्या. माझं स्पष्ट मत आहे की ‘दर्जेदार साहित्य पाठवावे’ या आवाहनापेक्षा असं एखादं ऐसपैस लेबल कितीतरी परवडलं. ‘दर्जेदार’ वाचून मास्तरांसारखा माणूस घाबरतो, आणि ज्यानं घाबरायला हवं तो चाळीस पानं पाठवतो.

नावाचंही तेच. मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत १९७४ साली नारायण विनायक जगताप नावाच्या कुणा लेखकाला पहिलं बक्षीस मिळालं. ते निघाले जयंत विष्णु नारळीकर, आद्याक्षरं उलटी करून. हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नीकडून लिहून घेतली होती. एवढ्या मोठ्या माणसाला वाटलं की आधी कथा वाचावी, नाव मागाहून कळावं. आता आवाहनात पहिली ओळ असते, ‘लेखकाचा अल्पपरिचय व पासपोर्ट फोटो सोबत जोडावा.’ पासपोर्ट फोटोही आम्हीच काढून देतो, त्यामुळे धंद्याच्या दृष्टीनं माझी तक्रार नाही.

आमच्या गावाला तर हे वर्गवारीचं दुखणं जरा जास्तच जाणवतं. इथं घरात तेलुगू, गल्लीत कन्नड, तालमीत दखनी आणि शाळेत मराठी अशी वाढलेली पोरं आहेत. ती लिहितात तेव्हा एका वाक्यात आजी तेलुगूत बोलते आणि नातू मराठीत उत्तर देतो. याला ग्रामीण म्हणावं तर हे शहर आहे, नागरी म्हणावं तर ते पुण्यासारखं नाही. २००६ साली साहित्य संमेलन सोलापुरात भरलं, त्याचे अध्यक्ष इथलेच, जंगलावर लिहिणारे मारुती चितमपल्ली होते. त्यांची पुस्तकं वाचनालयाच्या कुठल्या कपाटात ठेवायची, ललित म्हणून, कथा म्हणून की पक्षीशास्त्र म्हणून, हा वाद ग्रंथपालांनी खुशाल घालावा. वाचणाऱ्याचं कुठे काही अडलं?

ज्यांच्याकडे अशा कथा पडून आहेत त्यांच्यासाठी, काउंटरच्या आतल्या बाजूनं जे दिसलं ते सांगते. दिवाळी सरली की वाचनालयात बसून अंकांच्या अनुक्रमणिका बघा, आवाहनं नका बघू. ज्या अंकात विनोदी कथा, गूढकथा, सामाजिक कथा अशी खाती पाडलेली असतात, तिथं तुमची कथा खात्याविना मरते. जिथं नुसतं ‘कथा’ लिहून खाली नावं दिलेली असतात, तिथं संपादक निदान पहिलं पान वाचतो. त्या नावांत एखादं तुम्ही कधीच न ऐकलेलं दिसलं तर ओळखा की तिथं आलेलं टपाल उघडतात. संस्थांचे, बँकांचे, ज्ञातीचे, कामगार संघटनांचे अंक तुच्छ मानू नका. त्यांना नावांचा सोस नसतो आणि पानं भरायची असतात. विषयाला वाहिलेले अंकही बघा. मास्तरांची किर्द हिशेबतपासनिसाच्या हातात पडली हा योगायोग होता, पण तो आधी डोक्यात आला असता तर पत्ता शोधून पाठवता आली असती.

कथेसोबत पाच ओळींचं पत्र द्या, पण त्यात ‘ही एक प्रायोगिक कथा आहे’ असं लिहू नका. लिहिलंत की संपादक चष्मा बदलून वाचतो. शब्दसंख्या लिहा. आणि फाँटचं बघा, हात जोडून सांगते. श्रीलिपीतली फाइल युनिकोडमध्ये नेली की रफार घसरतो, ‘सर्व’चं ‘सवर्’ होतं, ‘वर्ष’चं ‘वषर्’. सरळसोट कथेत संपादकाला कळतं की ही फाँटची गडबड आहे. तुमच्या-माझ्या कथेत त्याला वाटतं, प्रयोगच असेल.

काही जण मला म्हणतात, तुमच्याकडे मशीन आहे, कागद आहे, काढा की स्वतःचं अनियतकालिक, तेव्हाच्या लोकांनी सायक्लोस्टाइलवर काढलीच ना. काढता येईल. एका रात्रीत शंभर प्रती निघतील. पण त्या शंभरातल्या ऐंशी जणांना मी ओळखते, आणि उरलेले वीस जण कथा लिहिणारे आहेत. छापणं हा प्रश्न कधीच नव्हता. अनोळखी वाचक लागतो, तो तुमच्यासारख्यांच्या अंकांकडे आहे.

तेव्हा संपादक महोदय, मागणं असं. दर वर्षी ज्येष्ठात, म्हणजे अंकांची जुळवाजुळव सुरू होते तेव्हा, आपल्या पुरवणीतलं एक पान दिवाळी अंकांच्या तक्त्याला द्या. अंकाचं नाव आणि कथा पाठवायचा पत्ता, शेवटची तारीख, शब्दमर्यादा, हस्तलिखित चालतं का आणि फाँट कोणता, मानधन देता की नुसता अंक, न मागवलेल्या कथा वाचता का, आणि उत्तर कधीपर्यंत. या शेवटच्या रकान्यावर माझा सगळ्यात जास्त जोर आहे. ‘गणेश चतुर्थीपर्यंत कळवलं नाही तर कथा आपली मोकळी’ एवढी एक ओळ प्रत्येक अंकानं मान्य केली, तरी लेखकाला त्याच वर्षी निदान आणखी एक दार ठोठवता येईल. ज्या अंकाला रकाने भरायचे नसतील त्याचं नाव तक्त्यात येऊ दे आणि समोरची जागा कोरी राहू दे.

सुरुवात घरापासून करा असं म्हटलं तर रागावू नका. आपल्या समूहाचाही दिवाळी अंक निघतो. त्याच्या गेल्या आवाहनात पत्ता आहे, तारीख आहे, पासपोर्ट फोटो आहे. उत्तर कधी मिळेल ते नाही.

बाकीच्या अंकांना पत्रं, फोन करून माहिती गोळा करायला माणूस नाही असं आपलं म्हणणं पडेल, म्हणून आधीच सांगते. ते काम आमच्या दुकानात होईल. मास्तर किर्द लिहायला तयार आहेत, टायपिंग मी करीन, बिल लावणार नाही. तक्त्याचा कोरा नमुना युनिकोडमध्ये आपल्या ईमेलवर याच पत्रासोबत पाठवला आहे. तो आपल्या पानाच्या मापात बसतो का, तेवढं आपल्या पानं लावणाऱ्यांना विचारून कळवावं. नसेल बसत तर मापं द्या, कॉलम पुन्हा पाडून देते.

आपली वाचक,
नवी पेठ, सोलापूर
(नाव व पत्ता वेगळ्या कागदावर दिला आहे, तो छापू नये.)